कॉन्सन्ट्रेट रिफिल आणले, तरी खर्च तेवढाच! कुठे मुरतंय पाणी?

ओसरी

नमस्कार मंडळी,

घरात आम्ही पाच माणसं. साफसफाईच्या सामानावरचा खर्च आटोक्यात आणायचा म्हणून तयार बाटल्या आणणं बंद केलं आणि कॉन्सन्ट्रेटचे, म्हणजे पाणी घालून पातळ करून वापरायच्या तीव्र औषधाचे, रिफिल पाऊच सुरू केले. फरशीचं, ओटा-काच पुसायच्या स्प्रेचं, भांड्यांचं, कपड्यांचं, सगळंच एकदम बदललं. घरखर्चाची वही मी नेमाने लिहिते, त्यामुळे फरक वहीत दिसेलच अशी खात्री होती. पण आकडा जवळपास होता तिथेच आहे.

स्प्रेच्या पाऊचवर ठळक अक्षरांत लिहिलंय की एका लिटरमध्ये एकवीस लिटर तयार होतं. आमच्याकडे त्याच्या निम्मंही होत नाही. कोणी बाटली अर्धी भरतं, कोणी पाव भरतं, वर नळाचं पाणी. फरशीची तर वेगळीच तऱ्हा. पुसून वाळली की अनवाणी पायाला चिकचिक लागते आणि संध्याकाळपर्यंत पावलांचे काळपट ठसे दिसायला लागतात. काचेवर पांढुरक्या रेघा राहतात. सासूबाईंचं म्हणणं, फेस येत नाही म्हणजे औषधात दम नाही, म्हणून त्या आणखी घालतात. मुलाला वाटतं माल खराब निघाला.

मला हे सोडायचं नाहीये. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग खरंच कमी झालाय आणि जड पिशव्या उचलून आणणंही वाचलंय. पण पैसेही वाचायला हवेत, ते वाचवणं आत्ता घराला गरजेचं आहे. माप घरच्या घरी कसं घ्यायचं? सगळ्याच गोष्टींत कॉन्सन्ट्रेट परवडतं का, की काही ठिकाणी तयार बाटलीच बरी? आणि ही चिकट फरशी आधी कशी सुटी करू?

---

काठावर

माल खराब नाही, माप जास्त पडतंय. फरशी दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसा. पाणी गढूळ झालं की बदला, त्याच पाण्याने पुढची खोली पुसू नका. पुसायचं फडकंही आधी साध्या पाण्यात खळखळून घ्या, त्यातच इतका साबण मुरलेला असतो की पहिल्या पिळ्यालाच फेस सुटेल.

---

कोठीघर

ओसरीताई, मी बरीच वर्षं एका मोठ्या वसतिगृहाची साफसफाई आणि तिचं कोठार सांभाळलं. पाच-पाच लिटरचे कॅन यायचे आणि त्यांचा हिशेब माझ्याकडे असायचा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉन्सन्ट्रेटमध्ये पैसे वाचतात यात शंका नाही, पण ते ओतणाऱ्याच्या हातात वाचतात. तुमच्याच पाऊचचा हिशेब करू. एकास वीस म्हणजे एक भाग औषध, वीस भाग पाणी, मिळून एकवीस भाग. समजा, लिटरमागे हे कॉन्सन्ट्रेट तयार स्प्रेच्या पाचपट महाग आहे. माप बरोबर पडलं तर तयार झालेलं एक लिटर तुम्हाला जुन्या बाटलीच्या पावपटीहूनही स्वस्तात पडेल. माप दुप्पट पडलं की एका लिटरचे एकवीसऐवजी अकराच लिटर होतात आणि खर्च जुन्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. चौपट पडलं तर सहाच लिटर होतात, बचत जेमतेम सहावा हिस्सा उरते. तुमच्याकडे तर कोणी पाव बाटली भरतं, म्हणजे माप पाचपटीच्या वर गेलं. आता सांगा, वहीत फरक दिसणार कसा?

पाऊच तिरका करून ओतला की पहिला लोंढा हातात राहत नाही, हे मी कोठारात रोज पाहिलंय. तोंड रुंद, पाऊच मऊ, पकड घट्ट केली की भसकन जास्तच येतं. म्हणून पाऊचमधून बाटलीत थेट ओतायचंच नाही, हा घरातला कायदा करा. मध्ये माप हवं. खोकल्याच्या औषधाबरोबर जे छोटं पारदर्शक टोपण येतं, त्याच्यावर ५, १० आणि १५ मिलीच्या रेघा असतात. त्याहून नेमकं हवं असेल तर बिनसुईची २० मिलीची सिरिंज. पण एकदा या कामाला घेतलेलं माप पुन्हा औषध द्यायला वापरायचं नाही. त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'साफसफाई' लिहा आणि ते पाऊचच्या शेजारीच ठेवा.

५०० मिलीची स्प्रे बाटली एकास वीसने भरायची तर २४ मिली औषध लागतं. इतकंच! दीड टोपणाहून थोडं जास्त. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खोटं वाटतं, एवढ्याशाने काय होणार म्हणून हात आपोआप वळतो आणखी घालायला. तो हात आवरला की निम्मी लढाई जिंकली. बाटलीत आधी पाणी भरा, वर थोडी जागा ठेवा, मग औषध घाला. उलट केलंत तर पाण्याच्या धारेने फेस होतो, फेसच तोंडापर्यंत येतो आणि बाटली भरल्यासारखी वाटते. टोपण लावून दोन-तीनदा हलकेच उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही.

फरशीच्या औषधावर बहुतेक वेळा बादलीचं माप दिलेलं असतं. लेबलवर एकास दोनशे असेल तर पाच लिटर पाण्याला २५ मिली. पण तुमच्या बादलीत पाच लिटर पाणी नक्की कुठपर्यंत येतं? लिटरच्या बाटलीने एकदा मोजून घाला आणि त्या उंचीवर बादलीच्या बाहेरून न पुसणाऱ्या मार्करने रेघ ओढा. ही रेघ असली की पुढे कोणीही भरो, पाणी तेवढंच.

मोठा कॅन घेणार असाल तर त्याला दाबायचा पंप बसवा. प्रत्येक पंपाचं माप वेगळं असतं, त्याच्यावर काय लिहिलंय यावर जाऊ नका. दहा वेळा दाबून मापाच्या भांड्यात घ्या, दहाने भागा. मग बाटलीवर मिलीलिटर लिहायचीच गरज नाही, 'तीन दाब' एवढं लिहिलं की लहानथोर सगळ्यांना कळतं. आमच्याकडे कामावर नवीन आलेल्या माणसालाही असंच सांगावं लागायचं. मिलीलिटर त्याच्या लक्षात राहायचे नाहीत, दाब राहायचे.

आता कुठे परवडतं आणि कुठे नाही. स्प्रेमध्ये सगळ्यात जास्त. काच पुसायच्या तयार स्प्रेत पाण्याचाच भरणा असतो, तिथे आपण बाटली आणि पाणी विकत घेत असतो. तुम्ही सगळं एकदम बदललंत, पण खरी सुरुवात या स्प्रेंपासून व्हायला हवी, कारण तिथलं अंतर मोठं आहे. फरशीच्या औषधात तेवढं अंतर नाही, कारण साधं फरशीचं औषधसुद्धा आपण बूचभर घेऊन बादलीत घालतोच, म्हणजे ते आधीच पातळ करून वापरतो. तिथे लिटरची किंमत बघू नका, एका बादलीला किती खर्च येतो ते काढा. कधी कधी साधीच बाटली स्वस्त निघते.

कपड्यांच्या लिक्विडमध्ये टोपणाची फसगत आहे. टोपण मोठं असतं आणि मापाची रेघ त्याच्या आत, बरीच खाली. उजेडात धरून बघा. टोपण भरून घालणारा माणूस दर धुण्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त घालतो, आणि तो साबण कपड्यांतून पुरता निघत नाही. टॉवेल कडक होतात, मशीनला कुबट वास मारतो. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये तर फेस जास्त झाला की कपडे नीट आपटले जात नाहीत, धुणंच बिघडतं.

संडासाचं आम्लाचं औषध मात्र पातळ करून पुरवायच्या भानगडीत पडू नका. ते जसं आहे तसंच, लेबलप्रमाणे वापरायचं.

---

ऊनपाऊस

कोठीघर यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून 'जास्त घातलं तर जास्त स्वच्छ' हे का खरं नाही तेवढं सांगतो.

साबण असो की डिटर्जंट, त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात त्यांचं प्रमाण वाढवत नेलं की एका मर्यादेनंतर हे रेणू एकत्र येऊन छोटे पुंजके करतात, तेलकट टोकं आत आणि पाणीप्रेमी टोकं बाहेर. मळ या पुंजक्यांच्या पोटात अडकून पाण्याबरोबर निघून जातो. ही मर्यादा गाठून मळापुरते पुंजके तयार झाले की पुढे घातलेल्या औषधाला काही कामच उरत नाही. फरशीवरचं पाणी उडून जातं आणि ते बिनकामाचं औषध मागे पातळ थर करून बसतं. हवेतली धूळ त्याला चिकटते. ओसरीताईंच्या फरशीवरचे काळपट ठसे हेच आहेत.

तुमच्या सासूबाईंना एक गोष्ट आवर्जून दाखवा. फेस आणि स्वच्छता यांचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही. भांड्यांच्या लिक्विडमध्ये फेस टिकावा म्हणून वेगळे घटक घातलेले असतात, तर मशीनच्या लिक्विडमध्ये फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि दोन्ही आपापलं काम करतात. दाटपणाचंही तसंच. अशी बरीच लिक्विड दाट करायला साधं मीठ पुरतं. त्यामुळे दाट म्हणजे कॉन्सन्ट्रेट असं नाही. लेबलवर पातळ करायचं प्रमाण लिहिलेलं नसेल आणि पाऊचवर फक्त 'रिफिल' असं असेल, तर आत बहुधा बाटलीतलंच औषध तेवढ्याच ताकदीचं असतं. ते बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त आहे का, एवढंच बघायचं.

आणि पाणी. तुमच्याकडचं पाणी जड असेल, म्हणजे नळाच्या तोंडाशी पांढरे थर जमत असतील, तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी बांधलं जाऊन साका तयार होतो. काचेवरच्या पांढुरक्या रेघा काही जास्तीच्या औषधाच्या असतील, काही वाळलेल्या क्षारांच्या. स्प्रेच्या बाटलीला आरओ फिल्टरचं मऊ पाणी वापरून बघा, लागतं तरी किती? आरओचं टाकाऊ पाणी त्यासाठी घेऊ नका, त्यात क्षार आणखी साठलेले असतात.

---

ओसरी

काय सुंदर उलगडून सांगितलंत दोघांनी! आज आधी बादलीला रेघ मारली. खोकल्याच्या औषधाचं टोपण घेऊन सासूबाईंच्या समोर २४ मिली मोजून बाटली भरली आणि त्यांनाच ओटा पुसायला दिला. 'निघतंय की,' म्हणाल्या. काठावर, फडकं पिळल्यावर खरंच फेस आला.

आणखी थोडं विचारते. आता एवढं कमी लागतंय तर एकदमच दोन-तीन बाटल्या भरून ठेवल्या तर चालतील का? जंतुनाशकाचंही कॉन्सन्ट्रेट आहे घरात, त्यातही असंच कमी करून भागवता येईल का? आणि घरात माझ्या नणंदेचा लहान मुलगा अधूनमधून राहायला असतो, त्याला सगळ्या बाटल्यांचं भारी आकर्षण.

---

कोठीघर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पैशाच्या आधी तो आहे.

कॉन्सन्ट्रेट हे पातळ केलेल्या औषधापेक्षा डोळ्यांना आणि पोटाला कितीतरी जास्त घातक. पाऊच दिसायलाही रंगीत आणि हाताला मऊ. धुण्याच्या त्या छोट्या गोळ्या-पुड्या मिळतात ना, ओल्या हाताने विरघळणाऱ्या, त्या मुलांनी दाताखाली दाबल्याचे आणि डोळ्यांत उडाल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. म्हणून हे सगळं उंचावर, कडी लागणाऱ्या कपाटात. सिंकखाली नाही. आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तयार औषध कधीही भरायचं नाही, चिठ्ठी लावूनही नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला चिठ्ठीचा काय उपयोग?

प्रत्येक औषधाला त्याची त्याची बाटली, आणि ती कायम त्याचीच. हे मी हात जोडून सांगते. ब्लीचच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या बाटलीत तळाशी थोडं उरलेलं असताना वरून आम्लाचं औषध भरलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच-क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू तयार होतो. तयार बाटल्यांच्या काळात हा धोका कमी होता, कारण बाटली संपली की टाकून दिली जायची. रिफिल करणाऱ्या घरात बाटल्या फिरतात, म्हणून इथे जास्त जपायचं.

लेबल असं करा: औषधाचं नाव, माप, भरल्याची तारीख. ओल्या हाताने शाई जाते, म्हणून लिहिल्यावर त्याच्यावरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण गोल फिरवून घ्या, टोकं एकावर एक येतील अशी. तारखेपुरती वेगळी छोटी चिठ्ठी, कारण ती बदलत राहणार.

बाटल्या भरून ठेवू नका. औषध टिकावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं तेही पाणी घातल्यावर पातळ होतं, आणि मग त्या पाण्यात जंतू वाढायला वाव मिळतो. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करायचं. संपत आलेल्या बाटलीत वरून भर घालायची नाही. रिकामी होऊ द्या, धुवा, उपडी ठेवून वाळवा, मग भरा. एंझाइमवाल्या औषधात तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशीच पाणी घाला.

आणि जंतुनाशकात बचतीचा हात आखडायचा नाही, सैलही सोडायचा नाही. तिथे लेबलवरचं माप म्हणजे माप. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, आपण स्वच्छ केलं या समजात राहतो. जास्त पडलं तर श्वासाला आणि कातडीला त्रास. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर २० मिलीमध्ये पाणी घालून एक लिटर केलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. घरातल्या बहुतेक पृष्ठभागांना ते पुरतं. हे रोज ताजं करायचं, पातळ केलेलं ब्लीच दुसऱ्या दिवशी भरवशाचं राहत नाही. पुसण्याआधी मळ साबणाने काढून घ्या, नाहीतर ब्लीच मळावरच खर्ची पडतं. आणि लेबलवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढा वेळ जागा ओली राहू द्या. लगेच कोरडं पुसलं तर त्या औषधाचे पैसे वायाच.

खरी बचत मात्र इथे आहे: घरात जंतुनाशक लागतं तरी किती ठिकाणी? संडास, कोणी आजारी असेल तर त्याची खोली, एवढंच. बाकी ठिकाणी साधं साफ करायचं औषध पुरे. आमच्या कोठारातून जंतुनाशकाचे कॅन विनाकारण जायचे, ते थांबवल्यावर जो फरक पडला तो माप सुधारून पडला त्याहून मोठा होता.

---

काठावर

विरघळणाऱ्या गोळ्या बाटलीत टाकून स्प्रे करायचे प्रकारही हल्ली मिळतात. त्यात मापाची कटकट नाही, आमच्याकडे तेच चालतं. फक्त गोळी पूर्ण विरघळेपर्यंत टोपण घट्ट लावू नका, वायू तयार होतो आणि बाटली फुगते. आणि ते नेटवर सांगतात तसं व्हिनेगर आणि सोडा एकत्र करण्यात काही हशील नाही ना, ऊनपाऊस?

---

ऊनपाऊस

नाही. दोघं एकमेकांना मारतात, फसफसून झाल्यावर मागे उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा: नळावरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर, घासायला सोडा. व्हिनेगर संगमरवरावर मात्र अजिबात नको, दगड खाल्ला जातो.

---

ओसरी

सगळं वहीत उतरवून घेतलंय. एकच राहिलं. दोन तयार स्प्रेच्या बाटल्या अजून अर्ध्या भरलेल्या आहेत, त्यांचं काय करू?

---

कोठीघर

त्या आधी संपवा, त्यांत काही मिसळू नका. संपल्या की टाकू नका, त्यातच रिफिल करा, नवीन बाटली घ्यायची गरज नाही. काच पुसायच्या स्प्रेच्या बाटलीत काच पुसायचंच औषध. धुताना ट्रिगरमधूनही साधं पाणी दाबून काढा, जुनं औषध तिथेच वाळून छिद्र बुजतं. आणि आतली नळी तळापर्यंत पोहोचते ना तेवढं बघा. आखूड असली की खालचं बोटभर औषध वर येतच नाही आणि घरातलं कोणीतरी बाटली संपली म्हणून ते ओतून देतं.